रेशमाखालचा वेत

मी एक जुनी खुर्ची आहे. मित्रांनो, सद्गुरूंचं पवित्र आसन म्हणतात ते मीच. मध्यंतरी माझ्यापुढे रोज साठ माणसं डोकं टेकवायची. बसत मात्र कुणीच नसे.

सुताराने मला सागवानाची केली, बैठक वेताची विणली. महाराजांनी माझ्यावर बसून तीस वर्षं शिकवलं. खरं सांगायचं तर निम्मा वेळ ते उभेच असत. कुणी पाय चोळताना दिसलं की म्हणत, "तुम्ही बसा हो, मला उभ्यानंही बोलता येतं." अशाने माझ्यावर परीट बसला, सुईण बसली, एकदा तर चुकून आलेला पोस्टमनही बसला.

महाराज गेले आणि माझा मान वाढला. मास्तरांनी, म्हणजे थोरल्या शिष्यांनी, माझ्यावर रेशमी वस्त्र घातलं आणि त्याला कुणी हात लावायचा नाही असा नियम केला. वर रोज पाणी शिंपडलेला ताजा हार. ते पाणी झिरपून तीन वर्षांत माझा वेत कुजला. वस्त्र उचलायचंच नव्हतं, मग कळणार कुणाला?

महाराजांच्या पत्नी, माई, माझ्यासमोर जमिनीवर बसत. गुडघे पार कामातून गेलेले. उठवायला दोघी लागत. एका संध्याकाळी त्या खाली बसेचनात.

"मास्तर, आज मी खुर्चीत बसते."

"माई, अहो ते आसन आहे!"

"असू दे. मलाही गुडघे आहेत."

"महाराज काय म्हणतील?"

"हे? हे म्हणाले असते, मास्तर, आधी तो हार उचला."

मास्तरांनी हार उचलला. माईंनी बसावं म्हणून मी तीन वर्षं झुरले होते, आणि आता पेलायची ताकद उरली नव्हती. नशीब, त्यांनी माझे हात घट्ट धरले होते. कर्रकन आवाज झाला आणि माई कमरेपर्यंत आत गेल्या.

साठ माणसं हात जोडून उभी.

"अरे, बघता काय? ओढा मला! नमस्कार मागाहून करा!" माई हसत सुटल्या.

दुसऱ्या दिवशी वेत विणणारा आला. बैठक चाचपून म्हणाला, "खुर्चीला पाणी कोण घालत होतं?" मास्तर छताकडे बघू लागले.

मित्रांनो, गुरूंना जरूर मान द्या. पण त्यांच्या वस्तू पुसा, वापरा, आणि ज्याचे पाय दुखतात त्याला बसू द्या. तेहतीस वर्षांत मला तेवढंच समजलं. आता माई रोज माझ्यावर बसतात.

कुजलेला वेत मंडळींनी प्रसाद म्हणून वाटून घेतला. मोठा तुकडा मास्तरांकडे आहे.