दिनाच्या तोंडी पाणी

काशीच्या गळ्याखाली साधं पाणी उतरत नव्हतं. चहा उतरायचा, पेज उतरायची, ताकसुद्धा. पण पाण्याचा तांब्या तोंडाला लावला की गळ्याला कुणी आतून गाठ मारावी तसं व्हायचं, छाती धडधडायची. नवरा, दिनानाथ, गेल्यापासूनचं हे. अलिबागच्या घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, आत काहीच नाही म्हणाले आणि तिला समुपदेशन करणाऱ्या नेत्रा मॅडमकडे पाठवलं. नळीत काही दिसलं असतं तर काशीला बरं वाटलं असतं. दिसणाऱ्या गोष्टीवर गोळी तरी मिळते.

गावात सांगायचं काय, हा प्रश्न सासूने सोडवला. सून दातांसाठी जाते, असं आवडाबाईने जाहीर केलं. भातकापणी उरकली, झोडणी उरकली, तरी काशी दर बुधवारी अलिबागची एसटी धरतच होती. तेव्हा शेजारीण म्हणाली, "काकी, सुनेला दात हायत तरी किती?"

"तुला मोजायचेत काय?" आवडाबाई म्हणाली.

नेत्रा काशीच्या लेकीच्या वयाची. आलेल्या माणसापुढे आधी पाण्याचा पेला ठेवायची तिची सवय. पहिल्या बुधवारी काशी म्हणाली, उपास हाय. दुसऱ्या बुधवारीही उपासच निघाला. नेत्रा पेला ठेवत राहिली, पण उपास कुठल्या देवाचा ते तिने कधी विचारलं नाही.

काशी बोलायची पुष्कळ. भाताला पडलेला रोग, प्रणालीची, म्हणजे लेकीची, खाष्ट सासू, एसटीतली भांडणं. दिनानाथचं मात्र एकाच चालीत सांगायची. आगरदांड्याहून दिघीला लेकीकडे निघालो होतो, फेरीबोटीत त्यांना कसंतरी झालं, पाणी मागितलं, धक्क्यावर घेतलेली बाटली मी त्यांच्या तोंडाला लावली, त्यांनी दोन घोट घेतले आणि मान टाकली. आरती म्हणावी तसं, न अडखळता.

खरं तर ही गोष्ट तिची राहिलीच नव्हती, आवडाबाईची झाली होती. मरत्या माणसाच्या तोंडात घरच्या माणसाच्या हातचं पाणी पडावं, यापरतं भाग्य त्या म्हातारीला ठाऊक नव्हतं. तिचा नवरा मुंबईच्या इस्पितळात परक्या माणसांत गेला होता, पाण्यावाचून. म्हणून लेकाचं दुःख तिने या दोन घोटांवर पेललं होतं. दारी आलेल्या प्रत्येकाला सांगायची, "माझा दिना बायकोच्या हातचं पानी पिऊन गेला." मग सुनेकडे वळायची, "व्हय ना गं?" काशी मान हलवायची.

एका बुधवारी ही आरती म्हणून झाल्यावर नेत्राने सहज विचारलं, "ती बाटली कुठे आहे आता?"

"हाय घरात. पेटीत ठेवलीया. भरलेली."

पंखा फिरत राहिला. काशीने पदर तोंडाशी नेला, पण शब्द निघून गेला होता.

मग काशीने सांगितलं. कंपनीतली रात्रपाळी करून आलेला माणूस. बोटीच्या बाकावर टेकला आणि तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपला. झोपला तो घोरायला लागला. दिनानाथचं घोरणं म्हणजे भाताची गिरण. समोरच्या कॉलेजच्या पोरींनी तोंडाला रुमाल लावले, एकीने मोबाइल काढला. काशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाडीच्या मध्यावर घोरणं थांबलं.

"मला बरं वाटलं, मॅडम," ती म्हणाली. "देव पावला म्हटलं. जागे व्हतील म्हनून मी खांदापन हलवला न्हाय. बोट धक्क्याला लागली, समदी उतरली, तरी म्हटलं, झोपू दे जरासं."

संध्याकाळी माणूस घरी आणला तेव्हा आवडाबाईने पहिलं विचारलं होतं, तोंडात पाणी घातलंस ना? काशी म्हणाली होती, घातलं. एवढंच खोटं. बाकीचं म्हातारीनेच विचारून विचारून वाढवलं.

तुमची चूक नव्हती, असलं काही नेत्राने म्हटलं नाही. हे काशीला मनापासून आवडलं. घरी सांगायलाच हवं असं नाही, सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, एवढंच ती म्हणाली. निघताना काशीने पेल्यात बोट बुडवून ओठांना लावलं.

तिने ठरवलं, नाही सांगायचं. म्हातारीच्या हातची काठी कोण काढून घेतं?

पण पुढे एकदा दिनानाथच्या कंपनीतला अंबाजी भेटायला आला. आवडाबाईने चहा होईस्तोवर दोन घोटांची गोष्ट सांगितली आणि वळली. "व्हय ना गं?"

काशीची मान हलेना.

"न्हाय, आई. ते झोपेतच गेले. पानी दिलंच न्हाय मी. मला कळलंच न्हाय."

अंबाजी उगाच चपला शोधायला लागला. आवडाबाई उठून आत गेली.

त्यानंतर ती सुनेशी बोलेना. ताट घेऊन ओटीवर जेवायला बसायची. कुणी भेटायला आलं तर सांगण्यासारखं तिच्याजवळ काही उरलं नव्हतं, नुसती बसून राहायची. एकाएकी फार म्हातारी दिसायला लागली. चुलीपाशी एकटी बसून काशी घोट घोट पाणी प्यायची. उतरत होतं. त्याचीच तिला लाज वाटायची.

बुधवार आला. काशी पिशवी घेऊन निघाली. आवडाबाई ओटीवर सूप घेऊन वालाच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता तिने विचारलं,

"घोरत व्हता का?"

काशी पायरीवर थांबली. "व्हय, आई. लोक हसत व्हती."

"ल्हानपनापास्नं तसाच." आवडाबाईच्या बोटांतली शेंग तशीच राहिली. "लई दमलेला असंल तर जास्तीच."

खालच्या वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. काशीने पिशवी खाली ठेवली आणि सुपाच्या दुसऱ्या बाजूला बसली. म्हातारीने सूप तिच्याकडे सरकवलं नाही, पण मागेही ओढलं नाही.