धम्मरत्नच्या चार मोकळ्या जागा

मी शेल स्क्रिप्ट बोलतेय. म्हणजे संगणकाला ओळीने हुकूम देणारी एक फाईल. दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्यात, २००५ साली धम्मरत्नने मला लिहिलं. रोज सकाळी कापसाच्या गाड्यांची यादी लावायची, एवढंच माझं काम.

धम्मरत्न कामाचा चोख. एखादा हुकूम 'असं असेल तरच' अशा अटीखाली आला, की चार मोकळ्या जागा बोटाने मोजून दाबायचा आणि ती ओळ आत सरकवायचा. खरं सांगते, ओळ आत आहे की बाहेर हे मला दिसतच नाही. ते सगळं माणसांसाठी. "उद्या दुसऱ्यानं वाचलं त समजलं पाह्यजे," असं तो बहिणीला, दीपाला, शिकवताना म्हणायचा.

पुढच्या हंगामात एका सकाळी मी यादीतलं पहिलं नाव कापलं. गाडी हजर नसेल तरच कापायचं होतं. पण कापायची ओळ अट संपल्यावर लिहिलेली होती, नुसती आत सरकवल्यामुळे अटीतली वाटायची. रुपीबाई नावाच्या म्हाताऱ्या शेतकरणीची गाडी चार दिवसांपासून दारात उभी होती. यादीत नाव नाही म्हणून तिला पुन्हा रांगेच्या शेवटी पाठवलं आणि संध्याकाळी अवकाळी पावसात तिचा सगळा कापूस भिजला.

खापर धम्मरत्नवर फुटलं. त्याला मला उघडून पाहूही दिलं नाही, कामावरून काढलं. उन्हाळ्यात छातीत कळ येऊन तो गेला. नंतर कोणीतरी त्या ओळीच्या सुरुवातीला खूण करून ती मुकी केली, म्हणजे मी तिचा हुकूम पाळत नाही; पुसली मात्र नाही. रोज सकाळी मी तिच्यावरून जाते, आणि मला भीती वाटते.

दोन वर्षांनी दीपा इथे कामाला लागली. सुपरवायझर विक्की म्हणाला, "ताई, हे फाईल वाकडीतिकडी दिसून राह्यली. साऱ्या ओळी एकसारख्या करून टाका."

दीपा एकेक ओळ पाहू लागली. भावाच्या ओळींवर कर्सर चार पावलं चालायचा. त्या मुक्या ओळीवर मात्र त्याने एकदम उडी मारली; तिथे चार मोकळ्या जागांऐवजी टॅबचं बटण एकदाच दाबलेलं होतं.

"दादा टॅब कधीच दाबत नव्हता," ती म्हणाली. "हे कोनं लिहिलं?"

विक्कीने मान खाली घातली. "तो जेवाले गेलता. म्या घाईत लिहिली."

त्या दिवशीही रुपीबाई गाडी घेऊन बाहेर रांगेत होती. दीपाने तिला आत बोलावलं आणि विक्कीला तेच पुन्हा सांगायला लावलं. म्हातारीला वाचता येत नव्हतं, तरी ती बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली.

"बजारात दिसला का मी त्याले शिव्या द्यायची," ती म्हणाली. "तो उभा राहून आयकून घ्यायचा. आता म्या कोनाले हात जोडू?"

दीपाने काही न बदलता मला बंद केलं.

मला नीटनेटकं करायला येणाऱ्यांनो, आधी विचारा, कोणती ओळ कोणाच्या हातची. मला सांगता आलं असतं, तर तो जिवंत असतानाच सांगितलं असतं.