ओवाळलेला तुकडा

संयुक्त राष्ट्रांच्या फौजेतून काँगोत लढायला गेलेला मोतीलाल शहाद्याजवळच्या गावी परतला, तेव्हा उंबऱ्यावरच आईने, दगूबाईने, दृष्ट काढायला त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळला.

"किती बंडखोर लोळवात रे भो?" शेजारच्या रूपचंदने मिशी पिळत विचारले.

मोतीलालची नजर आईच्या हातातल्या तुकड्यावर गेली. बंडखोर शोधायला वेढलेल्या काँगोतल्या एका गावात त्याने दाराआडच्या सावलीवर गोळी झाडली होती. दार ढकलले, तर आत चुलीपाशी म्हातारी पडलेली, हात पिठाने माखलेले.

दगूबाई तुकडा रस्त्यावर टाकायला वळली. मोतीलालने तो हिसकून तोंडात कोंबला.

"काय करी ऱ्हायना रे? तुन्ही पीडा शे त्यामा!" ती किंचाळली.

"मन्हीच शे ना, माय? मंग लोकेसना वाटवर कसाले टाकस?"