हेल्मेटखालचा फेस

विजयश्री घोडकेने पहिला माइक हातात धरला तो चाकणच्या कांदा मार्केटात. चिंचवडच्या कॉलेजात बी.कॉम.चं शेवटचं वर्ष चालू होतं आणि एका केबलवाल्याला रोजचे बाजारभाव वाचायला कुणीतरी हवं होतं. पोत्यांच्या थप्पीवर उभी राहून ती कांद्याचा भाव असा सांगायची, की वाटावं राज्याभिषेकाची दवंडीच पिटतेय. तिथून ती मुंबईच्या एका अर्थवाहिनीत गेली. पंधरा अर्थसंकल्प तिने पचवले, भल्याभल्या कारखानदारांना घाम फोडला, आणि आता वाहिनीच्या पुणे विभागाची प्रमुख होऊन रावेतला राहत होती.

कारकिर्दीला गालबोट एकच. "घाबरण्याचं कारण नाही" हे वाक्य ती फार सुंदर म्हणायची. स्वर खाली, भुवया किंचित वर, शेवटच्या 'नाही'वर मायेचा दाब. आणि ते ऐकलं की माणसं हमखास घाबरायची. एका पतपेढीबद्दल तिने असं सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पतपेढीच्या दारात रांग. मिठाच्या टंचाईची अफवा खोटी असल्याचं सांगितलं, तर दुपारपर्यंत निम्म्या भोसरीत मीठ मिळेना. संपादक म्हणायचे, "घोडके, तू बातमी दे. धीर देऊ नकोस." तिला ते पटत नसे. लोकच उतावळे, असं तिचं ठाम मत होतं.

त्या बुधवारी सकाळी सहाला सोसायटीचे चेअरमन लक्ष्मणराव दारात उभे राहिले. अंगात बनियन, गळ्यात शिट्टी.

"मॅडम, आज टँकर उशिरा, दहाला येणार आहे. टाकी अर्धी आहे, तेवढं पाणी पुरतं. पण तुमच्या आवाजात ग्रुपवर दोन शब्द टाकलेत तर लोक निवांत राहतील."

विजयश्रीचा नवरा ज्ञानेश आतून ओरडला, "विजू, नको!" पण तोवर तिने घसा साफ केला होता.

"नमस्कार. सोसायटीच्या टाकीत पाण्याचा पुरेसा साठा आहे. अफवांवर विश्वास ठेवू नका. घाबरण्याचं कारण नाही."

टँकर उशिरा येणार हे तोवर फक्त लक्ष्मणराव आणि वॉचमन या दोघांनाच ठाऊक होतं. पाच मिनिटांत ते शहाण्णव फ्लॅटना कळलं. नळ सुटले. बादल्या भरल्या, कुकर भरले, इडलीपात्रं भरली. समोरच्या पद्माताईंनी नातवाचा रबरी स्विमिंग पूल हॉलमध्ये फुगवून काठोकाठ भरला.

विजयश्रीला यातलं काहीच कळलं नाही, कारण ती न्हाणीघरात होती. नऊ वाजता चाकणच्या एका कंपनीतून तिचं थेट प्रक्षेपण होतं, म्हणून तिने केसांना जरा सढळ हाताने शाम्पू लावला. चांगला कोपरापर्यंत फेस आला. तिने शॉवरची चावी फिरवली. शॉवरने एक उसासा टाकला, दोन थेंब दिले आणि गप्प झाला.

ज्ञानेशने घरातलं सगळं पाणी गोळा केलं, ते एक तांब्या भरलं. ते डोळे धुण्यात संपलं. मग टॉवेल गुंडाळून विजयश्रीने पद्माताईंची बेल वाजवली.

"अगं बाई!" पद्माताई म्हणाल्या. "देते ना. पण नातू पुलात बसलाय, आणि त्याने आत्ताच..." पुढचं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. विजयश्री माघारी फिरली.

खाली कॅमेरामन रणजीत गाडीचा हॉर्न वाजवत होता. पाणी शोधत बसावं, तर चाकणच्या रस्त्यावर ट्रकांच्या कोंडीत नऊ वाजून गेले असते. ती तशीच निघाली. वाटेत रणजीतने आपली अर्धी बाटली तिच्या डोक्यावर ओतली.

"गेला का ताई?"

"रणजीत, तो दुप्पट झाला."

कंपनी गाड्यांच्या गिअरचे भाग बनवायची. ते गेटवर पोचले तेव्हा नऊला आठ मिनिटं कमी होती. गेटवरच्या सुरक्षारक्षक अंबूबाई जवळच्याच गावच्या, जुन्या खोडाच्या. त्यांनी विजयश्रीच्या हातात पिवळं हेल्मेट ठेवलं. "ह्ये घातल्याबिगर आत जायाचं न्हाई." विजयश्रीला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. केस वर कोंबून तिने हेल्मेट घातलं आणि पट्टा हनुवटीखाली करकचून आवळला. गाडीच्या आरशात बघितलं. झकास दिसत होती.

कंपनीचे मालक निरंजन कुलथे भिडस्त गृहस्थ. त्यांच्या हातात उत्तरांचा छापील कागद होता. मागे यंत्रं दिसावीत म्हणून रणजीतने दोघांना सुटे भाग धुणाऱ्या मशीनशेजारी उभं केलं. त्या मशीनमधून सारखी गरम वाफ यायची.

"थेट चाकणहून, मी विजयश्री घोडके. कुलथे सर, तुमची नवी उत्पादन लाइन सहा महिन्यांपूर्वी सुरू होणार होती. ती अजून बंद का?"

कुलथ्यांनी कागद वाचायला घेतला. "आमची कंपनी सदैव गुणवत्तेला प्राधान्य देत आली असून..."

वाफ हेल्मेटमध्ये शिरली. विजयश्रीच्या टाळूवर काहीतरी हुळहुळलं. मग कानामागून एक ऊबदार लोंढा खाली सरकला. तिने मान तिरकी केली, तर तो दुसऱ्या कानामागून आला. खांद्यावरून घसरून फेसाचा एक गोळा कुलथ्यांच्या बुटावर पडला. कुलथ्यांनी बुटाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि सभ्यपणे वाचन चालू ठेवलं.

पण गणराजने तो गोळा पाहिला होता. गणराज कंपनीचा सेफ्टी ऑफिसर, लागून तीनच महिने झालेले. आग लागली तर छतातल्या नळ्यांतून फेस येतो, हे त्याने पाठ केलं होतं. फेस दिसला, म्हणजे आग असणारच. त्याने एकदा छताकडे पाहिलं आणि लाल बटण दाबलं.

भोंगा असा ठणाणला की कुलथ्यांचा कागद उडून थेट धुण्याच्या मशीनमध्ये गेला. चारशे कामगार शिस्तीत रांगेने दाराकडे चालू लागले. विजयश्रीच्या कानातल्या यंत्रात संपादक किंचाळले, "घोडके, काय झालं? बोलत राहा!"

आणि सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं. स्वर खाली, भुवया वर. "घाबरण्याचं कारण नाही!"

चालणारे चारशे कामगार पळत सुटले. त्यांच्यात कुलथे पहिले.

बाहेर आवारात लिंबाच्या झाडाखाली सगळे जमले. धूर नाही, ज्वाळा नाहीत. गणराज हातातलं घड्याळ बघत धापा टाकत होता. भोंगा थांबला तशा अंबूबाई विजयश्रीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, डोस्क्याला काय लावलंय?"

विजयश्रीने चारशे माणसांकडे पाहिलं. पंधरा वर्षं ती लोकांकडून खरं वदवून घेत आली होती. आता पाळी तिची होती.

"शाम्पू," ती म्हणाली. "धुवायला पाणीच मिळालं नाही."

"मंग धुवा की! त्यात काय?" अंबूबाईंनी बागेच्या नळाचा पाइप ओढला, तिला कठड्यावर बसवलं, हेल्मेट उतरवलं आणि पोरीला न्हाऊ घालावं तसं खसाखसा न्हाऊ घातलं. सगळा फेस जास्वंदीत वाहून गेला. विजयश्रीने डोळे मिटून घेतले होते. लाज वाटायला हवी होती, पण गार पाण्याने इतकं बरं वाटत होतं, की लाजेला जागाच उरली नाही.

गणराजचा चेहरा मात्र पार उतरला होता. "सर, माझी चूक झाली. राजीनामा देतो."

"कसला राजीनामा?" कुलथे म्हणाले. "मागच्या आगीच्या सरावाला बाहेर यायला आपल्याला अकरा मिनिटं लागली होती. त्यात मधे चहा झाला होता. आज किती?"

"दोन मिनिटं दहा सेकंद, सर."

"मग? शाब्बास!" कामगारांनी टाळ्या वाजवल्या. गणराज लाजून आपल्या शिट्टीशी चाळा करू लागला.

कुणाच्या तरी डब्याच्या पिशवीतून टॉवेल मिळाला. तो केसांना गुंडाळून विजयश्रीने माइक उचलला. थेट प्रक्षेपण केव्हाच तुटलं होतं, पण रणजीतचा कॅमेरा चालूच होता.

"सर, मगाचा प्रश्न राहिला. नवी लाइन बंद का?"

कुलथ्यांनी खिसे चाचपले. कागद आत धुतला जात होता. ते काही बोलणार एवढ्यात अंबूबाई म्हणाल्या, "सांगा की सायब. त्या लायनीचं तोंड भिंतीकडं हाय."

कामगारांत खसखस पिकली. कुलथे लालेलाल झाले. मग त्यांनी मोठा श्वास घेतला.

"खरंय मॅडम. यंत्र परदेशातून आलं, कोट्यवधींचं. ते बसवताना नकाशा उलटा धरला गेला. आता तयार माल बाहेर पडतो तो थेट भिंतीवर. भिंतीला भोक पाडायचं की यंत्र फिरवायचं, यावर सात बैठका झाल्या."

"नकाशा कुणी उलटा धरला?"

"मी," कुलथे म्हणाले.

विजयश्रीने इतकी वर्षं मोठ्या मोठ्या माणसांना प्रश्न विचारले होते. 'मी' असं एका शब्दाचं उत्तर तिला कुणी दिलं नव्हतं. "हे दाखवू का आम्ही?" एवढंच तिने विचारलं.

"दाखवा. चारशे जणांना ठाऊक आहेच, आणखी चार लोकांना कळेल."

संपादकांनी त्या दिवशी तिला आधी अर्धा तास झापलं आणि मग तो तुकडा दिवसभरात नऊ वेळा दाखवला. संध्याकाळी दिघीहून क्रेनवाल्या दौलतरावांचा वाहिनीत फोन आला. "ताई, असली तीन यंत्रं फिरवलीत आपण. त्यांना सांगा, भिंत फोडू नका."

पुढच्या सोमवारी दौलतरावांची क्रेन कंपनीत शिरली. कुलथ्यांनी आग्रहाने विजयश्रीला बोलावलं होतं. गणराजने जमिनीवर पिवळे पट्टे आखले होते आणि त्यांच्या आत तो कुणालाही, खुद्द मालकांनाही, पाऊल टाकू देत नव्हता. अंबूबाई गेट दुसऱ्यावर सोपवून येऊन उभ्या होत्या. "जरा डावीकडं घ्या, अजून, आता बास," असं त्या दौलतरावांना सांगत होत्या, आणि पंचवीस वर्षं क्रेन चालवणारे दौलतराव निमूट ऐकत होते.

दुपारी तीनला यंत्र सुरू झालं. पहिला गिअर बरोबर दिशेने बाहेर आला. कुलथ्यांनी तो झेलला, तान्ह्या बाळासारखा छातीशी धरला आणि रांगेतल्या एकेकाला दाखवत सुटले. तो तेलाने माखलेला आहे, हे त्यांना सांगणं सगळ्यांच्याच जिवावर आलं. पांढऱ्या शर्टावर हा एवढा काळा डाग पडला. तसेच ते कॅमेऱ्यासमोर आले, आणि विजयश्रीने त्यांना शर्ट बदलायला सांगितलं नाही.