पेनीचे पट्टे

रविवारी सकाळी टोबिन कुचेराच्या बुटात पुन्हा केळं निघालं. कुस्करलेलं, पार टाचेपर्यंत दाबलेलं. आठवड्यातलं तिसरं. त्याने बूट नळाखाली धरला, धुतला आणि ओलाच पायात घातला. मागे कुणी हसलंसुद्धा नाही.

गुन्हा एवढाच, की मैदानाच्या फाटकाशी फलक घेऊन उभ्या राहणाऱ्या मार्जोरीबाईंच्या अर्जावर त्याने सही केली होती. पेनीचा खेळ बंद करा, असा तो अर्ज होता. पेनी म्हणजे कुशीत मावेल एवढी माकडीण. तिला चामड्याची विजार न् टोपी घालायची, डॉली नावाच्या कुत्रीच्या पाठीवर पट्ट्यांनी आवळायची आणि सामना मध्येच थांबवून मेंढ्यांमागे पळवायची. लोक पोट धरून हसत. मिलो बेंड गावचं बेसबॉलचं मैदान वर्षातून या खेळाच्या एकाच दिवशी भरायचं, आणि यंदा तो दिवस हाच रविवार. मालकाने सांगूनच ठेवलं होतं, खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर पुढच्या उन्हाळ्यात इथे मका पेरीन. तेव्हा ती सही म्हणजे सगळ्या संघाच्या पोटावर लाथ. त्याचे चेंडू झेलणारा कॅचर रेमीरो त्याला तोंडावर ‘माकडाचा मामा’ म्हणे. आणि मॅनेजर हेंडरशॉटने शुक्रवारी बजावलं होतं, रविवारी चेंडू तू टाकायचास. फटके खाल्लेस तर त्याच संध्याकाळी घरची बस धर.

ऑगस्टचं ऊन. कुंपणापलीकडच्या मक्यानेही पानं सुरळी करून अंगाशी घेतली होती. त्या उन्हात टोबिनचा हात असा सुटला, जशी उताराला लागलेली नदी. पहिला डाव गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. पाहुण्या संघातल्या एकाचाही फटका मोकळ्या गवतावर पडेना. पाचव्या डावानंतर तो बाकावर येऊन बसला, तशी शेजारची माणसं सरकली. आठवडाभर सरकतच होती. पण आजचं सरकणं निराळं होतं, त्यात धाक होता.

टोबिन समजला. नऊच्या नऊ डाव कुणालाच फटका मिळू द्यायचा नाही, याला म्हणतात नो-हिटर. पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, जन्मात आला तर एकदा येतो. आणि तो चालू असताना पिचरशी बोलायचं नसतं, बसली जागा बदलायची नसते, आणि तो शब्द तर ओठांवर आणायचाच नसतो. आणला की तुटला. हेंडरशॉट तर संघ जिंकत असला की मोजेही धुवायचा नाही.

सहाव्या डावानंतर पेनीचा खेळ होता. हेंडरशॉटने हात वर करून तो थोपवला. पिचरचा हात गार पडायला नको. सातवा डाव अर्ध्यावर आला, पाहुणे बाद झाले, तेव्हाही थोपवला. मार्जोरीबाईंच्या अर्जाला जमलं नाही ते या जुन्या भीतीने केलं, म्हणून टोबिनला मनात हसू आलं. मग त्याची नजर फाटकाकडे गेली.

तापलेल्या पत्र्याशी डॉली उभी होती. पाठीवर पेनी, आवळलेली, सहाव्या डावापासून. केव्हाही बोलावणं येईल म्हणून खेळवाला पर्विस पट्टे सोडत नव्हता. कुत्रीची जीभ लोंबत होती. पेनीची टोपी डोळ्यांवर आली होती आणि ती सारायला हात मोकळे नव्हते.

आपला हात जितका वेळ चालेल, तितका वेळ ती तिथे.

त्याने हेंडरशॉटला हाक मारली. हेंडरशॉट मैदानाकडे बघत राहिला. रेमीरोला मारली, त्याने हातमोज्यात तोंड लपवलं. अख्खा बाक बहिरा. तेव्हा टोबिन उठला आणि सगळ्यांच्या पुढ्यात उभा राहिला.

“तिचे पट्टे सोडा. सावलीत न्या, पाणी पाजा. नाहीतर मी तो शब्द म्हणतो.”

कुणाच्या तरी हातातली बाटली पडली.

“तोंड मिट, पोरा,” हेंडरशॉट दातांतून म्हणाला.

“मोठ्याने म्हणेन. तीनदा.”

“तुझाच आहे ना रे तो, गाढवा?” रेमीरो कळवळला. “स्वतःचाच तोडशील?”

“नो–” टोबिनने सुरुवात केली.

रेमीरो धावत सुटला. पर्विस आडवा आला, त्याला खांद्याने बाजूला सारून त्याने पट्टे सोडले. पेनीने त्याचा अंगठा कडकडून चावला आणि पळून न जाता डॉलीच्या पोटाखाली, सावलीत जाऊन बसली. रेमीरोने शिव्या देत आपल्या शिरस्त्राणात पाणी ओतलं. दोघींनी एकाच वेळी तोंड घातलं.

आठवा डाव गेला. नवव्यात दोघे बाद झाले, आणि तिसऱ्याच्या बॅटची कड लागून चेंडू सुस्तपणे उडाला आणि जिथे कुणीच नव्हतं तिथे गवतात पडला. सामना जिंकूनही बाकावर कुणी हात मिळवले नाहीत. खेळ व्हायचा तोही झाला नाही. पर्विसने पट्टे हातात घेतले की डॉली जमिनीला पोट लावून बसे, उठेचना. लोक पैसे परत मागत निघून गेले.

“अर्धा शब्द म्हणालास,” हेंडरशॉट म्हणाला. “अर्धाही पुरतो. बस सहाला आहे.”

कपाटाशी येऊन टोबिनने घरचे बूट उचलले. उजव्यात केळं होतं. अख्खं, सालीसकट. पलीकडे रेमीरो पाठ करून अंगठ्याला चिंधी गुंडाळत होता. त्याने मान वळवली नाही.

फाटकाबाहेर पर्विसची गाडी उभी होती. टोबिनने पिंजऱ्याच्या गजांतून केळं पुढे केलं. पेनीने त्याच्यावर दात विचकले, मग केळं हिसकावून घेतलं आणि त्याच्याकडे पाठ करून खायला बसली.