काकींनी थांबवलं तिथून पुढे

मित्रांनो, मी एक ओळ आहे, आता जराशी जुनी झालेली. चित्रफिती दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या मेनूत मी राहते. माझं नाव ‘थांबलात तिथून पुढे’. माझ्या शेजारी ‘सुरुवातीपासून’ आणि ‘यादीत घाला’ अशा आणखी दोन ओळी आहेत. पण सगळ्यांत वर, ठळक अक्षरांत, मी होते. फितीवर कुणी दोनदा टिचकी मारली की न विचारता माझंच काम सुरू व्हायचं. हा मान मला संचिताने दिला.

संचिता कणकवलीच्या कॉलेजात शिकत होती, तेव्हा तिने हा प्रोग्राम बनवला. कोणती ओळ वर ठेवायची, यावर तिने आठवडाभर डोकं खाजवलं. तिच्याकडे वीज सारखी जायची आणि धडा अर्ध्यावर तुटायचा. मग पुन्हा पहिल्यापासून कोण बघणार? म्हणून तिने मला वर चढवलं. तिच्या मैत्रिणींनी माझं कौतुक केलं आणि मी हवेत गेले, हे कबूल करते.

नोकरी लागल्यावर संचिताने जुना लॅपटॉप मालवणजवळच्या गावी आपल्या शेवंतीकाकींना दिला. त्यात एकच फीत होती. काकींचे यजमान भिकाजीकाका दशावतारात गणपती व्हायचे, खेळाच्या सुरुवातीलाच येऊन जाणारा. गेल्या वर्षीच्या जत्रेतला खेळ संचिताने फोनवर घेतला होता. पुढे आषाढात काका गेले. त्यांची दुसरी फीत कुणाकडेच नव्हती. दोनदा टिचकी मारायची, एवढंच तिने काकींना शिकवलं.

पहिल्या संध्याकाळी काकींनी टिचकी मारली. अजून कुठे थांबणं झालेलंच नव्हतं, म्हणून मी पहिल्यापासून लावलं. पखवाज वाजला, पडदा बाजूला झाला आणि गणपती आला. तोंडावर लाकडी मुखवटा, पण डाव्या हाताचं कोयत्याने वाकडं झालेलं बोट उघडं होतं. काकी त्या बोटाकडेच बघत राहिल्या. गणपती आत गेला तशी त्यांनी फीत बंद केली. मी ती जागा नीट लक्षात ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी बरोबर तिथूनच सुरू केलं. काकी थोडा वेळ बघत बसल्या आणि त्यांनी लॅपटॉप मिटला. तिसऱ्या दिवशी मी त्याच्याही पुढून लावलं. चौथ्या दिवसापासून टिचकीच आली नाही. मी गोंधळून गेले. माझं काय चुकलं? एक सेकंदही इकडेतिकडे झाला नव्हता.

काही आठवडे गेले. माझ्यावरच्या झाकणावर काकी रोज फडकं मारायच्या, पण ते उघडायच्या नाहीत. याचा अर्थ मला लागेना, आणि वाईटही वाटे.

चतुर्थीला संचिता आली. काकी फीत का बघत नाहीत, असं तिने विचारलं. काकींनी झाकणावर पुन्हा फडकं मारलं. मग हळूच म्हणाल्या, “एकदाच दिसले गो. मियाच बघून पुसून टाकलंय वाटता. म्हणान आता हात लावणंय नाय.”

जुन्या कॅसेटी वाजवून वाजवून झिजायच्या, तशीच ही फीतही झिजली, असं त्यांना वाटलं होतं. उरलेला खेळ तरी राहावा म्हणून त्यांनी तो बघणंच सोडलं होतं.

संचिताने लॅपटॉप उघडला. मग तिने ‘सुरुवातीपासून’ला टिचकी मारली. पखवाज वाजला, पडदा हलला. “काकी,” ती म्हणाली, “काका खंय गेले नाय. हंयच आसत.”

काकींनी पडद्यावरच्या वाकड्या बोटावर आपलं बोट ठेवलं.

त्याच दिवशी संचिताने मला खाली उतरवलं. आता ‘सुरुवातीपासून’ वर आहे, ठळक अक्षरांत. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू? पण रोज संध्याकाळी वरून पखवाज ऐकू येतो. गणपती येतो, आत जातो आणि काकी फीत बंद करतात. पुढचा खेळ त्यांनी अजून शेवटपर्यंत पाहिलेला नाही.

मित्रांनो, उद्या तुम्हीही माझ्यासारख्या ओळी लिहाल. मग वर कुणाला बसवायचं, हे ठरवण्याआधी टिचकी मारणाऱ्या माणसापाशी घटकाभर बसा. काकी कुठे थांबल्या, हे मला सेकंदापर्यंत ठाऊक होतं. का थांबल्या, हे मात्र मी कधी विचारलंच नाही.