दुसऱ्यांदा टाइप केलेलं पान

"बाई, थांबा. तेच परत कशाला टाइप करायलाव?" नांदेडहून दुरुस्तीला आलेल्या मेकॅनिकनं विचारलं.

महादेवीचे हात थबकले. परभणीतल्या रंगनाथच्या छापखान्यात दोन कॉम्प्युटर होते. बाहेरच्यावर ती दिवसभर मजकूर टाइप करायची, आतल्यावर छपाईसाठी पानं लागायची. बाहेरची फ्लॉपी आत घातली, की पडद्यावर कोंबड्यांनी उकिरडा उकरावा तशी अक्षरं यायची. मग संध्याकाळी आतलं मशीन मोकळं झालं, की सगळा मजकूर पुन्हा पहिल्यापासून. दोन वर्षं हा रगाडा चालला होता. आज दुरुस्तीमुळं आतलं मशीन सकाळीच मोकळं झालं होतं.

"दोन्हीचे प्रोग्राम येगळे हायेत. इकडचं तिकडं चालत न्हाई, असं रंगनाथभाऊ म्हणतेत."

"येगळे हायेत, खरंय. पण साधी फाइल करून साठवायची. ठळक-बिळक उडतंय, अक्षरं राहतेत."

त्यानं बाहेर बसून दोन-चार बटणं दाबली, फ्लॉपी आणून आत घातली. ज्वारीच्या पेरणीचं अख्खं माहितीपत्रक काना-मात्रेसकट पडद्यावर उभं राहिलं. महादेवी लहान मुलीसारखी हसली.

"रंगनाथभाऊंना दाखवलं होतं की मी," मेकॅनिक पेचकस फडक्यात गुंडाळत म्हणाला. "मशीन बसवलं त्याच दिवशी."

तिचं हसू तिथंच विरलं.

गेल्या श्रावणात तिची माय, गंगम्मा, अंथरुणाला खिळली होती. दिवस कलला, की शेजारच्या कडूबाईला विचारायची, "आली का गं माझी महादू?" माय गेली त्या संध्याकाळी महादेवी याच खुर्चीत बसून तुरीवरच्या अळीचं पान दुसऱ्यांदा टाइप करत होती. निरोप आला तेव्हा रंगनाथनंच तिला रिक्षात बसवलं होतं. धाकटी बहीण म्हणायचा तो तिला. त्याच्या शब्दाबाहेर ती कधी गेली नव्हती.

दुपारी रंगनाथ सोनपेठहून आला. तिनं नुसतं पडद्याकडं बोट दाखवलं.

"भाऊ, तुमाला ठावं होतं?"

तो स्टुलावर बसला. चष्मा काढून पुसत राहिला.

"तुला ते दुसरे छापखानेवाले कामाला येतीस का म्हणून दोनदा इचारून गेलते," शेवटी तो म्हणाला. "संध्याकाळ मोकळी राहिली, की माणूस दुसरीकडं बघतंय, महादेवी."

"मला दुसरीकडं कुठं बघायचं नव्हतं, भाऊ. घरी जायचं होतं."

रंगनाथनं चष्मा परत डोळ्यांवर चढवला. ती वळून बाहेरच्या मशीनवर जाऊन बसली.

पाच वाजता तिनं दिवसभराचा मजकूर साधी फाइल करून साठवला. फ्लॉपी पाकिटात घालून त्याच्यासमोर ठेवली.

"आत घालून बघा. उघडती."

ती घरी पोचली तेव्हा अंगणात अजून ऊन होतं. कडूबाई धान्य पाखडत होती.

"आज लवकर सुटलीस गं?"

"हो," महादेवी म्हणाली.

मायची बाज श्रावणापासून भिंतीला उभी होती. तिनं ती खाली घेतली, दारापाशी जुन्या जागी टाकली, आणि अंधार पडेपर्यंत पायथ्याशी बसून राहिली.